भरून ठेवलेलं बरं

वीज जाऊन बराच वेळ झाला होता. दुपारचे अडीच वाजले होते आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात अजून ४३ टक्के दिसत होते, म्हणून मी निवांत होते. ४३ टक्के म्हणजे माझ्या हिशेबाने तासभर तरी नक्की. तेवढ्यात एक धडा तपासून होतो. आमच्या ठाण्याच्या घोडबंदर रोडला वीज गेली की सोसायटीचा जनरेटर घुमायला लागतो आणि लिफ्ट चालू राहते. म्हणजे माणूस सुखरूप अकराव्या मजल्यावर येतो आणि मग घरात बिनपंख्याचा बसतो. मी खुर्ची बाल्कनीच्या दाराशी ओढली. कुणीतरी ‘विहीर’मधल्या ‘वि’ला दीर्घ करून ठेवलं होतं. ते सुधारायला बोट उचललं आणि पडदा काळा.

४२ नाही, ४१ नाही, ‘चार्जर लावा’ अशी विनवणी नाही. बोलता बोलता समोरचं माणूस उठून निघून जावं तसं.

अशा वेळी पहिला संशय घरात जो सगळ्यात नवा त्याच्यावर जातो. आठच दिवसांपूर्वी भाच्याने लॅपटॉपवर नवी सिस्टीम टाकून दिली होती. जुनीला आता सुरक्षेच्या अपडेट मिळणार नाहीत, तुझी बँक याच्यावर, तुझी कामं याच्यावर, असं दोन महिने ऐकवून एका रविवारी तो ऐरोलीहून येऊनच बसला. अडीच तास पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत राहिले, मी तीनदा चहा केला. दुसऱ्या दिवसापासून पंखा मिक्सरसारखा घरघरायला लागला, लॅपटॉपचा तळ इतका तापायचा की त्यावर पापड भाजून निघाला असता. आणि आता हे. मी लगेच फोन लावला.

“तुझ्या त्या नव्या सिस्टीमने माझी बॅटरी खाल्ली.”

“मावशी, कावळा बसायला आणि फांदी तुटायला.”

ही म्हण त्याला पाचवीत मीच पाठ करून दिली होती. शिकवलेलं असं आपल्यावरच उलटतं.

त्याचं म्हणणं असं, की नवी सिस्टीम आली की पहिले काही दिवस ती घरभर फिरते. पुढे काही शोधायचं झालं तर पटकन सापडावं म्हणून एकेक फाइल उघडून त्यांची सूची करत बसते, मागे राहिलेल्या अपडेट उतरवून घेते. नवी सून पहिल्या आठवड्यात सगळे डबे उघडून कशात काय आहे ते बघते, तसं. त्यात बॅटरी जाते खरी, पण चार दिवसांत सगळं शांत होतं. धडधाकट बॅटरी तेवढं सोसते. तुझी धडधाकट आहे का?

संध्याकाळी तो ऑफिसातून थेट आला. काळी चौकट उघडून त्याने एक ओळ टाइप केली आणि बॅटरीचा आख्खा अहवाल समोर आला. रक्ततपासणीचा असतो तसा, डावीकडे नाव आणि उजवीकडे आकडा. कारखान्यातून निघाली तेव्हाची क्षमता ४२,००० मिलिवॉट-तास. आता पूर्ण भरल्यावर मावतं ते १८,९००.

“हे आठ दिवसांत होत नाही,” तो म्हणाला. “सहा वर्षं लागतात याला.”

“मग ते ४३ टक्के कशाचे होते?”

“अंदाजाचे.”

मला धक्का बसला तो इथे. मी इतकी वर्षं समजत होते की आत कुठेतरी काट्यासारखं काहीतरी असेल आणि कोपऱ्यातला आकडा ते बघून दिसत असेल. तसं काही नसतं. आत किती उरलंय ते उघडून बघता येत नाही. गेला किती, आला किती, याची एक चिप वही ठेवते आणि त्यावरून सांगते. बॅटरी म्हातारी झाली की वहीतलं आणि डब्यातलं जुळेनासं होतं. शिवाय आत विजेला होणारा विरोध वाढलेला असतो. पंखा, पडदा, ती सूची करणारी सूनबाई, सगळ्यांनी एकदम मागितलं की व्होल्टेज दणकन खाली बसतं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद पडतं. वहीत मात्र तेव्हाही ४३च लिहिलेले असतात.

हे ऐकताना मला नौपाड्यातलं आमचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. गॅसच्या सिलिंडरला कुठे काटा असतो? १४.२ किलो गॅस आत आहे म्हणायचं आणि कामाला लागायचं. आईची वही म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. नवा सिलिंडर लावला की त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या खाड्यांशेजारी, पेन्सिलीने बारीक ‘गॅ’. तिथून पुढे मोजायचं. पाहुणे आले तर दोन दिवस कमी धरायचे, आजी काकांकडे गेली तर दोन वाढवायचे. शंका आली की ओल्या फडक्याने सिलिंडर वरून खालपर्यंत पुसायचा आणि कमरेवर हात ठेवून बघत उभं राहायचं. रिकाम्या भागावरचं पाणी भराभर वाळतं, आत द्रव असतो तिथली ओल रेंगाळते. त्या ओलीच्या रेषेवर आई बोट ठेवायची आणि म्हणायची, “अजून आठ दिवस.” तिचं सहसा चुकत नसे. एका गणेश चतुर्थीला मात्र चुकलं. एकवीस मोदक चाळणीत, वर झाकण, आणि खाली ज्योत निळ्याची पिवळी होऊन पुटपुटत गेली. दुसरा सिलिंडर नव्हता. वडील अर्ध्या कच्च्या मोदकांची चाळणी तशीच उचलून शेजारच्या काकूंकडे गेले, आणि तिथे त्यांच्या अळवाच्या फदफद्यात आमचे मोदक, असं करून नैवेद्य झाला. आईने त्यानंतर कॅलेंडरावर दोन-दोन ठिकाणी ‘गॅ’ लिहायला सुरुवात केली. त्याचा उपयोग काय, हे आम्ही कधी विचारलं नाही.

असो. भाचा निघायला उठला, लॅपटॉप मिटता मिटता त्याचा अंगठा टचपॅडवरून फिरला आणि थांबला.

“हे असं वर कधीपासून आलंय?”

“गणपतीपासून. चिवड्यातले पोहे गेले असतील आत. दोनदा सेफ्टी पिनने कोरलं मी.”

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं पुन्हा वीज गेली. “मावशी, खाली बॅटरी आहे. ती फुगलीय. आणि तू पिन खुपसत होतीस?” त्याने चार्जर ओढून काढला, मशीन बंद केलं आणि देवापुढे ठेवावं तसं, दोन्ही हातांनी, फरशीवर ठेवलं. रात्रभर ते तिथेच राहिलं. मी पाणी प्यायला उठले तेव्हा लांबून वळसा घालून गेले.

म्हणजे फांदी गणपतीपासूनच वाकलेली होती. कावळा बिचारा मार्गशीर्षात आला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला स्टेशनकडच्या एका गल्लीत गेले. (घोडबंदर रोडवर राहणारी माणसंही ‘ठाण्याला जाऊन येते’ म्हणतात, यावर पुन्हा कधीतरी.) दुकान म्हणजे दीड माणूस मावेल एवढा गाळा. त्यातला मुलगा पंचवीसचा असेल. एकेक स्क्रू काढून तो बाटलीच्या झाकणात मांडत होता, लांब कुठले, आखूड कुठले हे कळावं म्हणून वेगवेगळी झाकणं. तळ उघडला आणि आत चंदेरी रंगाच्या तीन चपट्या पिशव्या. म्हणजे चपट्या असायला हव्या होत्या. दोन होत्याही. तिसरी तव्यावरून नुकती उतरलेल्या फुलक्यासारखी टम्म.

“मॅडम, चोवीस तास चार्जिंगला लावूनच ठेवता ना?”

डॉक्टर ‘तंबाखू खाता का’ विचारतात त्याच सुरात. मी हो म्हटलं.

आता यात माझा दोष कितपत, ते तुम्हीच ठरवा. ज्या घरात पाणी पहाटे पाऊण तास यायचं, त्या घरात मी वाढले. आजी चार वाजता उठायची. आधी पिंप, मग हंडे, कळशा, बादल्या, मग पातेली, आणि नळाची धार करंगळीएवढी झाली की तांबे, फुलपात्री, चहाची किटली. शेवटी एकदा मी तिला वरणाच्या डावात पाणी धरताना पाहिलंय. गंमत म्हणजे आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी ‘शिळं’ झालेलं असायचं. ते आधी मोरीत आणि तुळशीत ओतायचं आणि मग तीच भांडी ताज्या पाण्याने पुन्हा काठोकाठ. त्या पाण्याचं रात्रीत काय बिघडायचं कोण जाणे. पण अर्धी बादली दिसली की आजही माझा हात नळाकडे जातो. फोन ९६ वर असला तरी मी लावते. लॅपटॉप तर काय, मांडीवर गोधडी, गोधडीवर लॅपटॉप आणि त्याच्या बरगडीत कायमची चार्जरची पिन.

आणि लिथियमला नेमकं हेच सोसत नाही म्हणे. चार्ज करायचा म्हणजे एका बाजूच्या थरांतले लिथियमचे कण उपसून पलीकडच्या ग्राफाइटच्या थरांत नेऊन बसवायचे. काठोकाठ भरलं की एकेका सेलमध्ये ४.२ व्होल्टच्या आसपास ताण. त्या ताणात आणि वर गोधडीच्या उबेत दिवसेंदिवस ठेवलं की आतला द्रव हळूहळू कुजतो, वायू धरतो आणि पिशवी फुगते. म्हणून ८० टक्क्यांवर थांबवा, असं तो मुलगाही म्हणाला आणि भाचाही. ज्या शोधातून ही बॅटरी आली त्याबद्दल २०१९ साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातले एक अमेरिकेचे जॉन गुडइनफ, तेव्हा वय ९७, आजवरचे सगळ्यात वयोवृद्ध नोबेलविजेते. पहिल्या बाजूचे ते कोबाल्ट ऑक्साइडचे थर त्यांनी १९८० मध्ये शोधले आणि १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. माझं लक्ष मात्र आडनावावरच अडकलं. गुडइनफ. आमच्याकडे याला ‘पुरे’ म्हणतात, आणि जेवताना ते कुणीही खरं मानत नाही.

साठवण्यात आजोबा आजीच्या वरताण. त्यांच्याकडे तीन सेलची पितळी टॉर्च होती. सेल संपतील म्हणून ती लावायची नाही. रात्री गल्लीतून येताना हातात टॉर्च आणि पाय अंदाजाने, असे ते चालायचे. सेल मंद झाले की गॅलरीच्या कठड्यावर उन्हात मांडायचे, शेजारी आजीच्या कुरडया. उन्हाने ते सेल थोडे जागे व्हायचेही, त्या काळच्या सेलांना ऊब आणि विश्रांती मानवायची. एका पावसाळ्यात खरोखर गरज पडली तेव्हा टॉर्चची टोपी फिरता फिरेना. पकडीने उघडली तर आत पांढरी बुरशी धरल्यासारखं सगळं. न वापरताच गळाले होते. आजोबा बराच वेळ ती टॉर्च हातात धरून बसले आणि मग म्हणाले, “पितळ चांगलं आहे.”

नवी बॅटरी बसवून होईस्तोवर मी समोरच्या बाकड्यावर बसले. फुगलेली पिशवी त्याने अलगद वाळूच्या डब्यात ठेवली. मी विचारलं, “मेली ना ती?” विचारल्यावर आपलंच आपल्याला कसंतरी झालं. आमच्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. रात्री दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात, आणि निघताना ‘जाते’ नाही, ‘येते’ म्हणायचं. तांदळाचा डबा तळाला गेला तरी आई ‘तांदूळ संपले’ असं म्हणायची नाही, ‘तांदूळ भरायचे आहेत’ म्हणायची. इतक्या काळजीने बोलणाऱ्या लोकांनी बॅटरीला मात्र एकदम ‘मेली’ म्हणावं? मला वाटतं तिच्याबद्दल निदान ‘वाढली’ म्हणायला हरकत नाही. ही तर खरोखरच वाढली होती.

नवी सिस्टीम आता शांत आहे. सगळे डबे बघून झाले असावेत. भाच्याने ८० ची मर्यादा घालून दिली आहे. तिथवर गेलं की भरणं थांबतं, पिन लावलेली असली तरी. पंधरा दिवस झाले. कोपऱ्यातल्या त्या बॅटरीच्या चित्रात उजवीकडे एक पांढरी फट दिसते आणि ती मला दिवसभर टोचते. मध्ये दोनदा मी चित्रावर बोट नेऊन बघितलं, खरंच ८० आहेत ना. अंदाजाचे का होईना.

काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली. दुरुस्तीच्या कामासाठी उद्या सकाळी दहा ते पाच वीज बंद राहील, रहिवाशांनी कृपया नोंद घ्यावी. मी नोंद घेतली. भाच्याला न कळवता ती मर्यादा काढली, लॅपटॉप लावला आणि बादल्या भरायला घेतल्या.