साउथपोर्ट, सहावी पायरी आणि ४-४-२

फुटबॉल मॅनेजर २३ या कॉम्प्युटर गेममध्ये आपण क्लबचे मॅनेजर होतो; त्यात मोठा क्लब घ्यायचा नाही एवढं ठरलं होतं. साउथपोर्ट घेतला. लिव्हरपूलच्या उत्तरेला समुद्रकाठी हे गाव. १९७८ मध्ये मतदान होऊन हा क्लब फुटबॉल लीगमधून बाहेर गेला, त्याची जागा विगन या क्लबला मिळाली आणि साउथपोर्ट परत तिथे पोचलाच नाही. हे वाचलं आणि क्लब माझा झाला. खेळात तो नॅशनल लीग नॉर्थमध्ये होता, म्हणजे इंग्लंडच्या सहाव्या पायरीवर. २४ संघ, ४६ सामने.

वरच्या लीगमध्ये जे चालायचं तेच इथेही लावलं: ४-२-३-१ (मागून पुढे, कुठल्या फळीत किती खेळाडू), गेगेनप्रेस, म्हणजे चेंडू गेला की लगेच धावून दबाव टाकायचा, बचावाची रेषा वर, गोलकीपरपासून छोटे पास. पहिल्या सहापैकी चार सामने हरलो.

एरवी मी फक्त हायलाइट्स बघतो. त्या रात्री सहावा सामना पूर्ण ९० मिनिटं बघितला. अकराव्या मिनिटाला आमच्या गोलकीपरने डाव्या सेंटर बॅककडे, म्हणजे बचावाच्या मधल्या गड्याकडे, चेंडू दिला. त्यांचा स्ट्रायकर अंगावर धावून आला, चेंडू आमच्या गड्याच्या पायाला लागून पुढे सुटला आणि गोल. सामना थांबवून त्या सेंटर बॅकचं पान उघडलं. वीसपैकी फर्स्ट टच (आलेला चेंडू ताब्यात घेणं) ५, पासिंग ६. पण उडी १४, हेडिंग १३. हवेतला चेंडू काढणं हे त्याचं काम, आणि मी त्याला पास द्यायला लावत होतो. मला खरंच वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट दमाची. बहुतेक पोरं अर्धवेळ करारावर, सराव कमी. शनिवारी सामना झाला की मंगळवारी पुन्हा, त्यामुळे साठाव्या मिनिटालाच निम्म्या संघाची दम दाखवणारी हृदयाची खूण नारिंगी व्हायची. असं प्रेसिंग त्यांना झेपणारच नव्हतं.

मग वहीत सगळ्या संघाचे आकडे उतरवले. फॉर्मेशन नंतर, आधी कोणाला काय येतं ते. एक उंच स्ट्रायकर होता आणि एक वेगवान, ज्याला मी उगाच विंगवर खेळवत होतो. मधल्या फळीत दोघे भरपूर धावणारे. म्हणजे ४-४-२ आपोआपच समोर आलं. बचावाची रेषा खाली घेतली, प्रेसिंग कमी केलं, पास थेट केले, उंच गडी टार्गेट फॉरवर्ड, म्हणजे लांबचे चेंडू त्याच्याकडे. सगळं एकदम मात्र बदललं नाही. दर दोन-तीन सामन्यांनी एकच सूचना बदलायची, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. बाकी काही जमलं नाही तरी एवढं जरूर करा.

सेट पीसवर, म्हणजे कॉर्नर, फ्री किक यांवर, एक अख्खी संध्याकाळ घालवली. कॉर्नर जवळच्या खांबावर, आणि तिथे तोच डावा सेंटर बॅक. सीझनभरात त्याने सात गोल केले. जानेवारीत मैदानं खराब झाली तेव्हा पासिंगवाल्या संघांचे हाल झाले, आम्हाला त्याचा काहीच त्रास झाला नाही.

पाचवे आलो, म्हणजे वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीचे प्लेऑफ सामने. पहिल्याच फेरीत पेनल्टीवर बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी करार वाढवायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी त्या सेंटर बॅकचं पान उघडलं.