अपरिहार्य कारणास्तव

रविवारी दुपारी नाट्यगृहाच्या दाराशी फळा टेकवून ठेवला होता. ‘अपरिहार्य कारणास्तव आजचा प्रयोग रद्द. तिकिटाचे पैसे खिडकीवर परत मिळतील.’ खडूनं लिहिणाऱ्याच्या हातून रफार सरकून ‘कारणा’च्या डोक्यावर जाऊन बसला होता. लोक येत होते, वाचत होते, च्‌च्‌ करून वडापावच्या गाडीकडे वळत होते. कारण कुणीच विचारत नव्हतं. मीही नाही विचारलं. असं विचारायचं नसतं. नटाचा घसा बसला असेल, निर्मात्याचं कुणाशी बिनसलं असेल, नाहीतर तिकिटंच खपली नसतील. शेवटचं कारण तर सगळ्यांत अपरिहार्य!

आमचा मामा वकील होता. त्याला असलं मोघम चालायचं नाही. ‘यायला जमलं नाही’ म्हटलं की लगेच, ‘जमलं नाही की जमवलं नाहीस?’ उलटतपासणी सुरू. मेच्या सुट्टीत आम्ही पोरं त्याच्याकडे जायचो, तेव्हा झोपाळ्यावर बसून तो आम्हाला कायद्यातली उदाहरणं गोष्टींसारखी सांगायचा. 1872 च्या करार कायद्यात, कलम 56 खाली, एक नट आहे. आगाऊ पैसे घेऊन सहा महिने नाटकात काम करायचं कबूल करतो आणि अधूनमधून आजारी पडतो. ज्या ज्या वेळी आजारी, त्या त्या वेळेपुरता करार रद्द. तिथंच एक लग्न ठरलेलं जोडपंही आहे. लग्नाआधीच त्यांच्यातल्या एकाला वेड लागतं. करार रद्द. यावर मामी आतून म्हणायची, ‘लग्नानंतर लागलं तर काय करायचं, ते नाही वाटतं लिहिलेलं?’

पण आमची लाडकी गोष्ट आगबोटीची. दंड संहितेचं कलम 81; आता न्याय संहितेत ते 19 झालंय. ‘क’ हा आगबोटीचा कप्तान. स्वतःची काही चूक नसताना अचानक अशा पेचात सापडतो, की बोट थांबवेपर्यंत समोरची ‘ख’ होडी चिरडणार म्हणजे चिरडणारच. तिच्यात वीस-तीस माणसं. दिशा बदलावी, तर ‘ग’ होडीवर जाण्याचा धोका. तिच्यात दोघंच, आणि ती कदाचित वाचेलही. ‘ग’ला बुडवायचा हेतू नसेल आणि समोरचं संकट टाळण्यासाठी त्यानं प्रामाणिकपणे दिशा बदलली असेल, तर ‘क’ निर्दोष.

‘वीस की तीस, नीट मोजलं का नाही?’ हा माझा प्रश्न. मावसभावाला कप्तान व्हायचं असायचं. धाकट्या मावसबहिणीला आम्ही नेहमी ‘ग’ होडीत बसवायचो, म्हणजे पाटावर. एकदा ती रडायलाच लागली. ‘आम्ही दोघंच आहोत म्हणून काय झालं?’ मामा झोपाळा थांबवून म्हणाला, ‘चला, आंबे पिळायला घ्या.’

पुढे कॉलेजात असताना डडली आणि स्टीफन्सचा खटला वाचला. 1884 साली ‘मिन्योनेट’ ही नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाली आणि वाटेत बुडाली. चौघं जण छोट्या होडीत; डडली आणि स्टीफन्स त्यांतलेच दोघं. खायला सलगमाचे दोन डबे. मध्ये एक कासव सापडलं, तेवढंच. रिचर्ड पार्कर हा पोऱ्या सतरा वर्षांचा, समुद्राचं पाणी पिऊन आजारी पडलेला. चिठ्ठ्या टाकाव्यात असं बोलणं निघालं होतं, पण टाकल्या नाहीत. त्याला मारलं आणि तिघं त्याच्यावर जगले. चारच दिवसांनी जहाज दिसलं. नाइलाज होता, असा बचाव झाला. कोर्ट म्हणालं, हा नाइलाज ठरवणार कोण? आणि नेमका सर्वांत दुबळाच का निवडला? खून शाबीत झाला, फाशी सुनावली, आणि मग शिक्षा उतरवून केली सहा महिन्यांची कैद.

मामाला हा खटला माहीत नसेल असं होणंच शक्य नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो शिकवतातच. आम्हाला मात्र त्यानं आगबोटीचीच गोष्ट सांगितली.