न सांगण्यासारख्या गोष्टी

बुधवार, रात्र

आज तब्येतीसाठी काय केलंस, असं कुणी विचारलं तर सांगायला काही नाही. व्यायामाचे कपडे चढवले नाहीत, घाम गाळला नाही. दुपारी जेवून उठल्यावर थोडी चालले, जिना चढले, सकाळी थोडा वेळ उघड्यावर बसले. झालं. पण हल्ली माझा भरवसा या असल्या किरकोळ गोष्टींवरच जास्त आहे, कारण त्या करायला मूड लागत नाही.

त्यातली शतपावली माझी सगळ्यात लाडकी. जेवणातली साखर रक्तात उतरायला लागते, नेमके तेव्हाच पायाचे स्नायू कामाला लागलेले असतात. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर आत ओढून घेतो. त्यामुळे जेवणानंतर साखर जी उसळी मारते, ती बरीच खाली राहते. वेग लागत नाही, बूटही लागत नाहीत. जेवून लगेच सोफ्यावर पसरायचं तेवढं पुढे ढकलायचं.

ही सवय टिकली याचं श्रेय मी स्वतःला देत नाही. जेवण रोज होतंच, चालणं त्याला लटकवलं, इतकंच. नव्या सवयीला अशी जुनी खुंटी मिळाली की निम्मं काम होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा 2010 मध्ये छापून आलेला अभ्यास याच धर्तीवरचा आहे. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट निवडायची आणि ती दिवसातल्या ठरलेल्या प्रसंगानंतर रोज करायची. ती आपोआप व्हायला लागायला सरासरी 66 दिवस लागले. पण कुणाचं 18 दिवसांत जमलं, तर कुणाच्या बाबतीत हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. (21 दिवसांत सवय लागते म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.) मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडली: मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की 'आता सोमवारपासून' म्हणत आठवडाच सोडून देतो.

जिन्याचं म्हणाल तर त्याच्या बाजूने एक जुना आणि भक्कम साक्षीदार आहे. 1953 साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. तीच बस, तोच रस्ता. एक दिवसभर बसून, दुसरा दिवसभर वर-खाली. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला. ड्रायव्हर मुळातच जाडे असतील, ही शंका कुणालाही येईल. तीही त्यांनी सोडली नाही, चक्क गणवेशाच्या पँटची मापं काढून पाहिली! ड्रायव्हरांच्या कंबरा मोठ्या होत्या खऱ्या, पण तेवढ्याने सगळा फरक उलगडत नव्हता. त्या कंडक्टरांपैकी कुणी तब्येतीसाठी जिना चढत नव्हता, तिकिटं फाडायला चढत होता. मला हे फार बोलकं वाटतं.

म्हणूनच पावलं मोजायचं मी सोडून दिलंय. 10,000 हा आकडा तसाही दवाखान्यातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो होता. 2019 मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांवरचा एक मोठा अभ्यास आला. दिवसाला 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि 7,500 च्या आसपास पुढचा फायदा वाढायचा थांबला. अजिबात न हलणाऱ्याने थोडं हलावं, यातच मोठी कमाई आहे. आकडा गाठायच्या नादात रात्री अकराला घरातल्या घरात येरझाऱ्या घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा त्यांनी झोपावं.

झोपेच्या बाबतीत मी झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ पाळते. झोप हुकमावर येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. उठल्यावर डोळ्यांना बाहेरचा उजेड मिळाला की शरीरातलं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोपही वेळेवर चाहूल देते. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-एक तास जातात, म्हणजे संध्याकाळचा कप अंथरुणापर्यंत सोबत करतो. पाण्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. तहान लागली की प्यायचं. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, तेव्हा मात्र आठवणीने प्यायला हवं.

अडलंय ते ताकदीच्या व्यायामाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारख्या हालचालीबरोबर, दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही सांगितलाय. 65 च्या पुढे तोल सांभाळायचा सरावही. चालणं माझं होऊन जातं, हे होत नाही. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या गोष्टीला रोजची खुंटी मिळत नाही, हीच अडचण असावी. मग ते रोजचंच करून टाकावं का? दात घासताना एक मिनिट एका पायावर, एक मिनिट दुसऱ्या पायावर, हे जमायला लागलंय. आता हात न टेकता खुर्चीवरून उठायचं-बसायचं कशाला लटकवावं, ते शोधतेय. फोनवर बोलताना करून पाहिलं, तर समोरच्याने दम का लागलाय म्हणून विचारलं. उद्या कॉम्प्युटर सुरू व्हायला जो वेळ लागतो, तेवढ्यात करून बघते.