दाणे आले, तर रक्त कायले?

“लेकराच्या अंगावर दाणे आले, दोन दिवसांत जातील बी. त्याचं रक्त कायले काढता जी?” नागपुरात गोवर-रुबेलाचे संशयित शोधत घरोघरी फिरताना हा प्रश्न ठरलेलाच. शिकलेल्या घरांत त्याचा पुढचा अंक असतो: एवढे नमुने निगेटिव्ह येतात, मग हा खटाटोप वायाच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गोवर, रुबेला, डेंग्यू, तिन्हींत ताप आणि पुरळ. पावसाळ्यानंतर तर आपल्याकडे आधी डेंग्यूच आठवतो. नुसतं बघून रुबेला ओळखणं मुरलेल्या डॉक्टरांनाही अवघड. रक्तातल्या आयजीएम प्रतिपिंडांवरून (ताज्या लागणीनंतर शरीर तयार करतं त्या) तो पक्का होतो. शिवाय लागण झालेल्या कित्येकांना, कधी कधी निम्म्यांनाही, काहीच लक्षणं नसतात.

लेकराला रुबेलाने फारसं काही होत नाही, हे खरंच. धास्ती असते ती शेजारच्या गरोदर बाईची. पहिल्या तीन महिन्यांत तिला लागण झाली तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष होऊ शकतो. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मजात मोतीबिंदूची बाळं तपासताना हा संबंध शोधला. म्हणून संशयितांची यादी हातात आली की मी आधी वयाचा रकाना बघते. लसीकरण अर्धवट राहिलं तर विषाणू मंदावतो, पण थांबत नाही. लहानपणी लागणीतून सुटलेल्या मुली मग ऐन बाळंतपणाच्या वयात त्याच्या तावडीत सापडतात. २०१८च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम निघाली तेव्हा ९ महिन्यांपासून १५ वर्षांखालच्या सगळ्यांना लस दिली, त्यामागे हेही गणित होतं.

आता निगेटिव्हचं. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला निदान २ संशयित ‘गोवर नाही, रुबेलाही नाही’ म्हणून तपासून बाद झालेले हवेत, असा निकष आहे. २०११च्या जनगणनेत नागपूर जिल्हा ४६ लाखांवर होता; म्हणजे असे ९०हून जास्त. एखाद्या भागातून दर आठवड्याला ‘निरंक’, म्हणजे एकही रुग्ण नाही, असा अहवाल येतोय आणि तपासायला एकही नमुना नाही, तर तिथे रुबेला नाही असं मी म्हणत नाही. तिथे कुणी बघतच नाही, असं म्हणते. नमुने येऊन निगेटिव्ह निघाले, तर तो निरंक मला पटतो. तुमच्या लेकराचा ‘वाया गेलेला’ नमुना त्यातलाच.

तेव्हा ताप आणि दाणे दिसले की आशाताईंना लगेच कळवा. दाणे निघाल्यापासून २८ दिवसांच्या आत रक्त घ्यावं लागतं. घरात किंवा शेजारी कुणी गरोदर असेल, तर तेही त्याच वेळी सांगा.