मापात पाप

माणसाची नीती देवाधर्मातून येते की अनुभवातून, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. हा प्रश्न माझ्याकडे दोन बाजूंनी येतो. गावातल्या बायका म्हणतात, "वहिनी, तुम्ही दर शुक्रवारी अंबाबाईला जाताय, म्हणून तर संस्थेचा हिशोब एवढा चोख ठेवलासा." आणि विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकणारा भाचा विचारतो, "मावशी, देव नसताच, तर तू मापात पाप केलं असतंस का?" दोघांनाही आजवर चहा पाजून वाटेला लावलं.

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत मी 31 वर्षं काढली. आधी फॅट काढायला, म्हणजे दुधातली स्निग्धता मोजायला, तिच्यावरच दुधाचा दर ठरतो; मग सचिव म्हणून. देवी मी मानते, नवरात्रात उपवास धरते, ओटी भरते. पण माप खरं द्यावं हे मला देवीनं शिकवलं असं म्हटलं, तर तेच एक खोटं माप होईल.

आपल्या लोकांनाही हे आतून ठाऊक असावं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं राहून बघा. म्हशी बांधलेल्या, गिऱ्हाईक समोर, आणि धार थेट पेल्यात. पाहुणे ताज्या दुधाचं कौतुक करतात. मला त्यात कोल्हापूरकराचा संशयी स्वभावही दिसतो. अंबाबाईचं देऊळ तिथून चालत जाण्याएवढं जवळ, पण गवळ्याच्या कपाळावरचा मळवट बघून कुणी दूध घेतलं नाही. आधी धार काढ, म्हणाले.

आणि संस्थेच्या निवडणुकीतला भंडारा? रात्री घराघरात जाऊन मतदाराला भंडारा उचलायला लावायचा, देवाची शपथ घालायची. दोन्ही पॅनेलचा भंडारा उचललेली माणसं मी बघितली आहेत. एकजण तर म्हणाला, "देवाला म्हाईत हाय कोण किती दिलंय ते." शपथ पाळणारेही असतात, नाही असं नाही. पण ज्याला निवडून द्यायला नको होतं त्यालाच शपथेपायी मत देऊन आलेला माणूस नीतीनं वागला की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भाचा सांगतो की हा गुंता जुना आहे. अथेन्समध्ये सॉक्रेटिसानं एका धर्मनिष्ठ माणसाला विचारलं होतं: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? याला 2400 वर्षं झाली. मला दुसरं पटतं. पहिलं खरं मानलं, तर देवाला काय आवडतं ते सांगणाऱ्या माणसाच्या हातात सगळा कारभार जातो, आणि तसं झाल्यावर काय होतं ते कोल्हापूरनं बघितलंय. 1899 मध्ये पंचगंगेवर कार्तिक स्नानाला गेलेल्या शाहू महाराजांसाठी भटजींनी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हटले; राजा असला तरी तुम्ही शूद्र, हा त्याचा अर्थ. देव तोच, नदी तीच. 26 जुलै 1902 ला महाराजांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या समाजांसाठी राखून ठेवल्या. त्यामागे कारणं पुष्कळ असतील, पण घाटावरच्या त्या पहाटेशी त्याचं नातं आहे असं मी मानते. दुसरा एखादा राजा भटजी बदलून गप्प बसला असता. पुढं पाण्याला शिवला म्हणून गंगाराम कांबळे या दलित माणसाला मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्याला चहाचं हॉटेल काढून दिलं आणि लोकांदेखत तिथं चहा प्याले. ते कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं.

पण अनुभवाची बाजू घेणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. अनुभव वाईटही शिकवतो. मला शिकवलंच होतं.

साल 1996 असेल. तेव्हा फॅट यंत्रावर दिसत नसे. काचेच्या नळीत 10 मिली ॲसिड, त्यावर 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल, मग बूच लावून फिरवायचं. तेल वर येतं आणि नळीवरच्या रेघांत वाचायचं. तेल दोन रेघांच्या मधे थांबलं तर? माझ्या आधीच्या माणसानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "खालची धरायची." म्हशीच्या दुधाला 6.5 लागण्याऐवजी 6.4 लिहायचं. कुणाचंच फार जात नाही आणि संस्थेला वाढावा, म्हणजे वरची शिल्लक, राहतो. त्यातला काही दिवाळीला सभासदांना वाटायच्या फरकात, काही इमारतीला आणि थोडा आमच्या बोनसला. सगळ्या संस्था करतात असं ऐकलं होतं, आणि ऐकलेलं सोयीचं असलं की आपण तपासत नाही. हळूहळू माझा डोळा आपोआप खाली जाऊ लागला. कधी एक रेघ, कधी दोन.

आमच्याकडे एक म्हातारी दूध घालायची. एकच म्हैस, सकाळी तीन लिटर. दहा दिवसांचं बिल घ्यायला आली आणि कागद उलटासुलटा करत म्हणाली, "म्हशीलाच कायतरी झालंय गं. सहा-पाच लागायची, आता सहा-तीन. पेंड बदलून बघतो." भारीतली सरकी पेंड तिनं उधारीवर उचलली होती.

ती भांडली असती तर मी भांडले असते. उत्तर तयार होतं. तिनं नळीवर विश्वास ठेवला आणि दोष म्हशीला दिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पाप लागेल, नरकात जाईन असलं काही मनात नव्हतं. फक्त ती पेंडेचं पोतं पोराच्या सायकलवर लादून नेताना दिसत होती.

तो शुक्रवार होता. दुपारीच ओटी भरून आले होते. आई काही बोलली नव्हती.

भाच्याला हे सांगितल्यावर त्यानं माकडांचा प्रयोग सांगितला. 2003 मध्ये सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स डी वाल या संशोधकांनी कॅपुचिन माकडांवर केलेला. एकच काम करून एकाला काकडी आणि शेजारच्याला द्राक्ष मिळतंय हे दिसलं, की काकडीवालं माकड बरेचदा काकडी घ्यायलाच तयार होत नाही. भाच्याचं म्हणणं, न्यायाची जाणीव देवाच्या आणि पोथीच्याही आधीची आहे. असेल. पण चिडलं ते कमी मिळालेलं माकड. आपल्याला जास्त मिळालं म्हणून द्राक्ष घशाखाली उतरू नये, हे कुठून येतं? त्या वेळी मी द्राक्षवालं माकड होते. म्हातारी बिल घेऊन समोर उभी राहिली नसती, तर मी निवृत्त होईपर्यंत द्राक्षं खाल्ली असती, शुक्रवार न चुकवता. भाच्याच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

दुसऱ्या दिवसापासून तेल जिथं असेल तिथं वाचायला लागले. दोन रेघांच्या मधे असलं तर नळी दूध घालणाऱ्याच्या डोळ्यांपुढं धरायची, "बघा, काय दिसतंय?" रांग लांबायची, लोक कुरकुरायचे. वाढावा घटला म्हणून चेअरमननी दोनदा बोलावून घेतलं. पुढं यंत्र आलं आणि तो वादच संपला.

म्हातारीला मात्र मी खरं सांगितलं नाही. सांगायचं पुष्कळदा ठरवलं. महिन्याभरानं ती सकाळी सकाळी आली, तोंडभर हसत. "पेंड लागू पडली बघ! सहा-पाच आली की परत." ती महागडी पेंड तिनं म्हैस असेपर्यंत चालू ठेवली. आदल्याच रविवारी ती जोतिबाला जाऊन नवस फेडून आली होती. पदराच्या गाठीतून गुलाल लागलेला खोबऱ्याचा तुकडा काढून तिनं माझ्या हातावर ठेवला.

मी तो खाल्ला.