हरिश्चंद्रगडाच्या पानाचा क्रम बदलला, त्याची गोष्ट

आम्ही काही मित्र मिळून सह्याद्रीतल्या किल्ल्यांची माहिती देणारी साइट चालवतो. सगळी पानं एकदम सुधारायची म्हटलं तर कामाला हातच लागत नाही, म्हणून आधी ट्रॅफिक बघायचं ठरवलं. साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गुगल ॲनालिटिक्समध्ये वर्षभराच्या भेटी उतरत्या क्रमाने लावल्या, तर बहुतेक वाचक वरच्या मोजक्या पानांवरच येत होते. त्यात पहिलं हरिश्चंद्रगडाचं.

भेटींचा आकडा एवढंच सांगतो की माणसं आली. ती कशासाठी आली, हे सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गुगलवरच्या शोधांची नोंद दाखवणाऱ्या साधनात दिसतं. तिथे एका पानाचा फिल्टर लावला की लोकांनी काय टाइप करून ते पान गाठलं याची यादी मिळते. आमच्या यादीत चांगदेव नव्हते, केदारेश्वराची गुहा अगदी खाली होती. वर होतं ते 'हरिश्चंद्रगड सोपी वाट', 'पाचनईहून किती वेळ लागतो', 'वर पाणी मिळतं का', 'नळीची वाट पावसाळ्यात'. बरेचसे शोध मराठीतच, पण इंग्रजी लिपीत टाइप केलेले.

आमच्या पानावर आधी इतिहास, मग लेणी, मग कोकणकडा आणि सगळ्यांत शेवटी वाटा अशी मांडणी होती. ॲनालिटिक्समध्ये 'स्क्रोल' नावाची नोंद असते; पानाच्या ९० टक्क्यांपर्यंत कुणी पोहोचलं की ती होते. तिथवर फारच थोडे जात होते. म्हणजे लोक ज्यासाठी येत होते, त्याच्यापर्यंत न पोहोचताच परत फिरत होते.

मग पानाचा क्रम बदलला. सुरुवातीलाच वाटांचा तक्ता आला: पाचनईची वाट सर्वांत सोपी, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जाणारी लांब आणि दमवणारी, बेलपाड्याहून नळीची वाट फक्त अनुभवी आणि साधनं बाळगणाऱ्यांसाठी. पाण्याची, मुक्कामाची माहिती पाचनईतल्या ओळखीच्या मंडळींना फोन करून पुन्हा तपासली आणि तपासल्याची तारीख पानावर टाकली. इतिहास एका ओळीनेही कमी केला नाही, तो तक्त्याच्या खाली गेला एवढंच. टायटलमध्ये 'वाटा, वेळ, पाणी' हे शब्द घातले, कारण इम्प्रेशन, म्हणजे शोधाच्या निकालांत पान दिसण्याची संख्या, भरपूर असूनही क्लिक कमी होते. पानाचा वेब पत्ता मात्र तोच ठेवला. जुन्या लिंक तुटल्या असत्या तर लोकांना पान सापडलंच नसतं.

नळीच्या वाटेवर आमची बरीच चर्चा झाली. पावसाळा आला की त्या शोधांना उधाण येतं. स्वतंत्र पान केलं, धबधब्यांचे फोटो लावले तर क्लिक खात्रीने वाढले असते. आम्ही ते केलं नाही. त्या भागाच्या पहिल्याच ओळीत 'पावसाळ्यात या वाटेने जाऊ नका' असं लिहिलं आणि दरडींचं, घसरड्या कातळांचं कारण दिलं. ते वाचून कुणी पंधरा सेकंदांत पान बंद करत असेल तर ते पंधरा सेकंद मला पुरेसे वाटतात. वाचक कमी वेळ थांबला म्हणजे पान वाईट, असं मानायला मी तयार नाही.

मग वेग. आमचे बहुतेक वाचक मोबाईलवर, आणि त्यातले कित्येक राजूरच्या पुढे, रेंज जेमतेम असताना पान उघडणारे. वरचा कोकणकड्याचा फोटो कॅमेऱ्यातून आला तसाच चढवलेला होता. तो लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलला आणि त्याच्यावरचं लेझी लोडिंग, म्हणजे वाचक जवळ आल्यावरच फोटो उतरवण्याची सोय, काढलं. खालच्या फोटोंना ते योग्य, पण सर्वांत वरच्या फोटोला त्यामुळे उलट उशीर होतो. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, हे गुगलचं माप आता मोबाईलवर आम्ही गाठतो.

परिणाम बघताना एक पथ्य पाळलं. जूनमध्ये किल्ल्यांच्या सगळ्याच पानांवर गर्दी वाढते, त्यामुळे मेशी जूनची तुलना करून उपयोग नाही. जून गेल्या जूनशी ताडायचा. सर्च कन्सोल १६ महिन्यांपलीकडचा डेटा ठेवत नाही, म्हणून आता दर महिन्याला तो उतरवून ठेवतो. शिवाय एका वेळी एकच बदल, आणि तो मुरायला काही आठवडे. गेल्या पावसाळ्याशी ताडून पाहिलं तेव्हा क्लिक वाढले होतेच, पण मला जास्त आनंद झाला तो पाचनईच्या भागापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या वाढल्याचा.

सध्या रतनगडाचं पान घेतलं आहे. तिथल्या यादीत सगळ्यांत वर शिड्यांबद्दलचे प्रश्न आहेत: लहान मुलांना चढता येतील का, पावसात धरायला काय आहे. पुढच्या रविवारी दोघे जण रतनवाडीला जाऊन शिड्यांचे ताजे फोटो काढणार आहेत. ते आले की तक्ता बनवायला घेऊ.