बोजाऱ्यातला बैल

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पुतण्या लाकडी नंदी घेऊन ओसरीवर उभा. चाकांना तेल दिलेलं, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. नंदी घेऊन दारी आलेल्या पोराला पैसे द्यायचे, तो बोजारा. पहिला त्याच्या आबाजींचा, म्हणजे माझ्या बाबांचा. त्यांनी दहाचं नाणं दिलं. पोरगं आजकालचं; नाणं खिशात टाकायच्या आधी त्यानं मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

"आबाजी, याच्यात बैल हाये!"

मी हसलो. पोट्ट्याच्या डोक्यात सकाळपासून नंदीच. पण पाहिलं तर खरंच. सिंह ज्या पट्टीवर उभे आहेत तिच्या मधोमध चक्र, डावीकडे धावता घोडा आणि उजवीकडे चांगला वशिंडवाला बैल. हे चिन्ह आधार कार्डावर आहे, पीककर्जासाठी घेतलेल्या स्टॅम्पपेपरवर आहे. जन्म गेला पाहण्यात, पण सिंहांच्या पायाखाली नजर म्हणून गेली नाही. लग्नाच्या फोटोत खाली सतरंजीवर बसलेल्यांकडे तरी कोण पाहतं?

मग दिवसभर तोच विषय. मी वाचलेलं सांगत होतो. सारनाथच्या अशोकस्तंभाच्या माथ्यावरून हे चिन्ह घेतलं आणि २६ जानेवारी १९५० ला देशानं ते स्वीकारलं. मूळ दगडात चार सिंह पाठीला पाठ लावून आहेत, म्हणून चौथा दिसत नाही. पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि आणखी एक सिंह असे चौघं. त्यातले हत्ती आणि सिंह चित्रात मागच्या अंगाला गेले. या जनावरांचा अर्थ अभ्यासक बुद्धाच्या चरित्रात शोधतात. बाबांनी तो ओसरीवर बसल्या बसल्या लावला.

"बैल समोर अन् हत्ती मांगं? बराबर हाये. हत्तीनं कोणाचं वावर वाह्यलं?"

वाघाबद्दल मात्र ते एवढे उदार नाहीत. टिपेश्वरचं वाघांचं जंगल आमच्यापासून लांब नाही. १९७२ पर्यंत राष्ट्रीय प्राणी सिंह होता, मग तो मान वाघाला मिळाला आणि १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आपलं मेळघाट पहिल्या नऊ प्रकल्पांत. मला याचं कौतुक. पण रात्री रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायला वावरात जागलीवर जाणारा माणूस टॉर्च फिरवताना कौतुकानं फिरवत नाही. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी, तोही पेरलेलं दाणं उकरतो. वाघ राष्ट्रीय, मोर राष्ट्रीय, जागल तेवढी ज्याची त्याची.

बैलाला तसा कुठलाच किताब नाही. फार तर एके काळी काँग्रेसची निशाणी बैलजोडी होती. १९६९ ला पक्ष फुटला आणि ती गेली. आमच्या आजीला पुढची कितीतरी वर्षं मतदान म्हणजे बैलजोडीच वाटायचं. भलत्याच चित्रावर शिक्का मारून यायची आणि बैल दिसले नाहीत म्हणून चिडायची.

आमची जोडी आम्ही मागच्या वर्षी विकली. चारा परवडेना, गडी मिळेना, नांगरटी-वखरणी ट्रॅक्टरनं होते. यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलांचे खांदे मळायच्या खांदमळणीला, बाबांनी तरीही वाटीत तूप-हळद कालवली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायला गोठ्यात कोणी नव्हतं. वाटी तशीच देवळीत राहिली.

दुपारी पुतण्या गावभर फिरून आला. ओसरीवर सगळी चिल्लर ओतली. रुपये मोजेल म्हटलं, तर एकेक नाणं डोळ्याशी धरून ओळीनं मांडत बसला.

"आबाजी, तेरा बैल झाले!"

बाबांनी चष्मा वर केला. "तेरा? मंग एकाले जोडीदार नाई ना बापू."

आणि बंडीच्या खिशात हात घातला.